गाव, कसबा, शहर: नक्की कशाला काय म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच की अमुक ठिकाण गाव आहे का शहर, आणि मग कुणी म्हणतं लोकसंख्या बघा, कुणी म्हणतं एसटी स्टँड आहे का बघा, कुणी म्हणतं सिग्नल लागला की शहर झालं. मी ज्या गावातला आहे तिथं बरीच वर्षं हाच वाद चाललाय, ग्रामपंचायत राहू दे का नगरपंचायत करा, त्यामुळं हा विषय माझ्यासाठी नुसता जनरल नॉलेजचा नाहीये. खाली जेवढे प्रश्न नेहमी येतात तेवढे घेतलेत. उदाहरणं महाराष्ट्राची आहेत, शेवटी थोडं गोव्याचं आणि परदेशातलं.

एका वाक्यात सांगा, गाव आणि शहर यात फरक काय?

कायद्याच्या भाषेत विचारत असाल तर जिथला कारभार ग्रामपंचायत बघते ते गाव, आणि जिथं नगरपंचायत, नगरपरिषद (बोलण्यात नगरपालिका), महानगरपालिका किंवा कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे ते शहर. एवढंच. उंच बिल्डिंग, मॉल, कॉलेज, यातलं काहीही त्या व्याख्येत नाही.

पण गोंधळ इथंच सुरू होतो, कारण जनगणनेची व्याख्या वेगळी, बँकेची वेगळी, सरकारी पगारातल्या घरभाड्याची वेगळी, आणि लोकांच्या बोलण्यातली तर अजूनच वेगळी. पुण्यात नोकरी करणारा सोलापूरचा माणूस दिवाळीत म्हणतो "गावाला चाललोय", आणि तो जातो महापालिका असलेल्या शहरात. तो चुकीचं बोलत नाही, आपल्याकडे "गाव" या शब्दाचा एक अर्थ मूळ ठिकाण असाही आहे. तुमचं गाव कोणतं असं विचारलं की माणूस नागपूर पण सांगतो आणि नाशिक पण सांगतो.

किती लोकसंख्या झाली की गावाचं शहर होतं?

आपोआप कधीच होत नाही. हे नीट लक्षात घ्या कारण बहुतेकांचा गैरसमज इथं आहे. दहा हजार झाले, पन्नास हजार झाले, तरी राज्य सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय ग्रामपंचायत ही ग्रामपंचायतच राहते.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, त्यातल्या कलम २४३ क्यू मध्ये तीन पायऱ्या आहेत. गावातून शहराकडे जाणारा भाग असेल तर नगरपंचायत, छोटं शहर असेल तर नगरपरिषद, मोठं असेल तर महानगरपालिका. कुठला भाग कशात बसतो ते ठरवताना लोकसंख्या, दाटी, स्थानिक उत्पन्न, शेतीशिवायचा रोजगार हे सगळं बघायचं असतं. आकडे राज्याने ठरवायचे. महाराष्ट्रात नगरपंचायतीला साधारण १० ते २५ हजार, नगरपरिषदेला २५ हजारांच्या वर आणि शेतीशिवायचा रोजगार किमान ३५ टक्के, महापालिकेला ३ लाख. नगरपरिषदेत परत अ, ब, क असे वर्ग आहेत, एक लाखाच्या वर अ वर्ग, ४० हजार ते एक लाख ब वर्ग, त्याखाली क. आणि तालुक्याच्या ठिकाणी जिथं जिथं ग्रामपंचायती होत्या तिथं २०१४ नंतर लोकसंख्येकडे फारसं न बघता नगरपंचायती करण्यात आल्या, म्हणून आज काही नगरपंचायती शेजारच्या ग्रामपंचायतीपेक्षा लहान दिसतात.

पन्हाळा शहर आणि हिंजवडी गाव, हे कसं काय?

हे उदाहरण बरोबर आहे आणि यातच सगळं कळतं. पन्हाळ्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीन हजारांच्या थोडी वर होती, माथेरानची साडेचार हजारांच्या आत, आणि दोन्हीकडे नगरपरिषद आहे, कारण ती थंड हवेची, पर्यटनाची ठिकाणं, तिथली नगरपालिका जुनी. म्हणजे कागदोपत्री ती शहरं. माथेरानला तर मोटारगाडीसुद्धा आत जात नाही, तरी ते शहर.

उलट हिंजवडी, माण, मारुंजी बघा. राजीव गांधी इन्फोटेक पार्क आलं, रोज लाखाच्या हिशोबात माणसं कामाला यायला लागली, वीस-वीस मजली टॉवर झाले, आणि वर्षानुवर्षं कारभार मात्र ग्रामपंचायतींकडेच राहिला. सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज चाळीस हजारांच्या घरात जाऊनही ग्रामपंचायत होतं, नगरपरिषद झाली २०२१ ला. इचलकरंजीची लोकसंख्या २०११ ला २ लाख ८७ हजार होती, यंत्रमागाचं एवढं मोठं केंद्र, पण महापालिका झाली थेट २०२२ मध्ये, तोपर्यंत अ वर्ग नगरपरिषद. त्यानंतर २०२३ ला जालना झालं, ती राज्यातली २९ वी महापालिका.

इंग्रजीत टाऊन म्हणतात त्याला मराठीत शब्दच नाही का?

आहे की, आपण वापरायचं सोडलं एवढंच. जुन्या कागदांमध्ये गावाच्या नावाआधी "मौजे" किंवा "कसबे" असं लिहिलेलं असायचं. मौजे म्हणजे साधं शेतीचं गाव. कसबे म्हणजे जिथं बाजारपेठ आहे, कारागीर आहेत, परगण्याचा कारभार चालतो, आजूबाजूच्या गावांचं येणंजाणं आहे असं ठिकाण. शब्द अरबी आहे पण आपल्याकडे शेकडो वर्षं रुळलाय. पुण्याची कसबा पेठ, कोल्हापूरचा कसबा बावडा, राधानगरीकडचं कसबा तारळे, ही नावं त्यातूनच आलीत. पुढं कसब्याला लागून नव्या बाजारपेठा वसवल्या गेल्या त्या पेठा, पुण्यात तर वारांच्या नावानं, आणि कोल्हापूर जिल्ह्यात पेठ वडगाव आहे तिथं पेठ हा शब्द गावाच्या नावातच आहे.

मला स्वतःला वाटतं की कसब्याची ही जुनी समज आजच्या आकड्यांपेक्षा जास्त खरी आहे. कारण त्यात प्रश्न असा होता की बाकीची गावं तुमच्याकडे कशासाठी येतात. आठवडे बाजार कुठं भरतो, लग्नाचा बस्ता कुठं बांधतात, नांगराचा फाळ कुठं मिळतो, कोर्टाची तारीख कुठं असते. आजही आमच्याकडची माणसं "तालुक्याला जाऊन येतो" म्हणतात, शहराचं नावसुद्धा घेत नाहीत. म्हणजे ते ठिकाण आपल्या लेखी काय आहे हे त्या एका शब्दात आलं. गाव स्वतःपुरतं असतं, कसबा आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांचा असतो, आणि शहर असं की तिथं माणूस बाजाराला नाही तर राहायला, पोट भरायला जातो. ही व्याख्या कुठल्या कायद्यात सापडणार नाही, माझी आहे, पण लावून बघा, बहुतेक ठिकाणी बसते.

बुद्रुक आणि खुर्द म्हणजे काय?

फारसी बुजुर्ग वरून बुद्रुक, म्हणजे थोरलं, आणि खुर्द म्हणजे धाकटं. एकाच नावाची दोन गावं शेजारी असली की मोठं ते बुद्रुक आणि लहान ते खुर्द. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द, कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द. पण हे मोठं-लहान नाव पडलं त्या काळचं आहे, आजची लोकसंख्या त्यावरून काढायला जाऊ नका.

नावात गाव, खेड किंवा वाडी असेल तर ते गावच ना?

नाही. जळगाव महापालिका आहे, मालेगाव महापालिका आहे, दोन्हीकडे लोकसंख्या चार लाखांच्या बरीच वर. पुणे जिल्ह्यातलं खेड म्हणजे आजचं राजगुरुनगर, तिथं नगरपरिषद आहे पण तालुक्याचं नाव खेडच. आणि सावंतवाडीला तर संस्थानची राजधानी होती. नाव जुनं राहतं, माणसं वाढत जातात.

वाडी, वस्ती, पाडा, तांडा, टोला हे गावात धरायचे का वेगळे?

बहुतेक वेळा हे महसुली गावाचे भाग असतात. महसुली गाव म्हणजे ज्याची स्वतःची शीव आहे, नकाशा आहे, तलाठ्याकडे वेगळं दप्तर आहे ते. एका ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतील तर ती ग्रुप ग्रामपंचायत. आणि एका महसुली गावात मूळ गावठाण सोडून दहा-बारा वाड्या असू शकतात, कोकणात तर हे सर्रास आहे, गाव म्हणजे सलग घरं नाहीतच, वाडी वाडीने डोंगरभर पसरलेलं. सोलापूर-सांगलीकडे मळ्यात राहणाऱ्यांच्या वस्त्या, पालघर-नंदुरबारला आदिवासी पाडे, यवतमाळ-वाशिम-नांदेडला बंजारा समाजाचे तांडे, गोंदिया-गडचिरोलीकडे टोले.

यात दुखणं असं आहे की निधी येतो तो मूळ गावापर्यंत. रस्ता, नळ, शाळा आधी गावठाणात, पाड्यापर्यंत पोचता पोचता वर्षं जातात, तांड्यावर तर अजून पुढं. म्हणून तांड्याला महसुली गावाचा दर्जा द्या ही मागणी वर्षानुवर्षं होते आणि ती शंभर टक्के रास्त आहे.

एक गोष्ट मात्र चांगली झाली ती म्हणजे १९९६ चा पेसा कायदा. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या आदिवासी भागात, हा कायदा गावाची व्याख्या लोकसंख्येवरून करतच नाही, जी वस्ती स्वतःला एक समाज मानते आणि आपल्या रीतीप्रमाणे आपला व्यवहार चालवते ते गाव, मग ती चाळीस घरं का असेनात. त्याला स्वतःची ग्रामसभा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) नं तर या कायद्याच्याही आधीपासून "मावा नाटे मावा राज" म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य हे करून दाखवलं, आणि २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली अठराशे हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. पाचशेच्या आसपास माणसांचं गाव. गाव कशाला म्हणायचं याचं माझ्यालेखी सगळ्यात चांगलं उत्तर हे आहे, कुठल्या कोष्टकात नाही.

सेन्सस टाऊन म्हणजे काय? आमचं गाव यादीत शहर दाखवतंय पण इथं तर सरपंच आहे.

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर.

जनगणनावाले दोन प्रकारची शहरं धरतात. एक, जिथं कायद्याने नगरपालिका वगैरे आहे ती. दोन, जिथं ग्रामपंचायत आहे पण तीन गोष्टी जुळतात: लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. या दुसऱ्या प्रकाराला सेन्सस टाऊन म्हणतात. म्हणजे जनगणनेच्या लेखी शहर, राज्य सरकारच्या लेखी गाव. भारतात २००१ ला अशी १,३६२ ठिकाणं होती, २०११ ला ती ३,९०० च्या आसपास गेली. महाराष्ट्रातही त्या दहा वर्षांत ती दुपटीपेक्षा जास्त झाली. त्यानंतरची जनगणना २०२१ ला व्हायची ती झाली नाही, आता २०२७ ची आहे, त्यात हा आकडा कुठं गेलेला दिसेल याचा अंदाज कुठल्याही हायवेने जाताना येतो.

आता बघा याचा अर्थ काय होतो. आमच्या गावाचंच सांगतो. हायवे रुंद झाला, शेजारी एमआयडीसी आली, भाड्याच्या खोल्या उठल्या, बिहार-यूपी आणि मराठवाड्यातून पोरं आली, माणसं चौदा-पंधरा हजारांवर गेली. आणि एवढ्या सगळ्याला एक सरपंच, सतरा सदस्य, एक ग्रामसेवक. सतराच्या वर सदस्य ग्रामपंचायतीला असूच शकत नाहीत, गाव कितीही वाढू दे. सांडपाण्याची लाईन नाही, ओढ्यात सोडतात. कचऱ्याला जागा नाही, गायरानात टाकतात आणि पेटवतात. अग्निशमन बंब नाही, तो पंचवीस किलोमीटरवरून येतो. मागच्या उन्हाळ्यात एका भंगारच्या गोडाऊनला आग लागली तेव्हा गाडी यायला तासाच्या वर लागला, तोवर आम्ही बोअरच्या पाईपनं पाणी मारत होतो, शेजारच्या दोन खोल्या गेल्या, माणसं वाचली. यात ग्रामसेवकाची चूक नाही, त्या बिचाऱ्याकडं त्या वेळी दुसऱ्या गावाचा पण चार्ज होता. जे गाव राहिलं नाही त्याला गावाएवढीच यंत्रणा दिलीये, खरी चूक ती.

आणि त्या ७५ टक्क्याच्या अटीत फक्त पुरुष का मोजतात हे मला कधीच पटलेलं नाही. आमच्याकडं नवरा शिफ्टला जातो आणि बायको शेतात, ही घरोघरची गोष्ट आहे. अर्ध्या घराचं काम बघून गावाचा निकाल लावायचा हे बरोबर नाही.

नगरपंचायत झाली तर काय मिळतं आणि काय जातं?

मिळतं ते आधी. मुख्याधिकारी येतो, म्हणजे पूर्णवेळ अधिकारी. इंजिनिअर, स्वच्छता निरीक्षक, लेखापाल अशी पदं मंजूर होतात (भरली जातात का हा वेगळा प्रश्न, आणि तो विचारत राहावा लागतो). शहर विकासाच्या योजनांचा पैसा येतो, विकास आराखडा तयार करता येतो, सतरा प्रभागांना सतरा नगरसेवक, आणि नगराध्यक्ष.

जातं ते पण मोठं आहे. ग्रामसभा जाते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला उभं राहून सरपंचाला तोंडावर हिशोब विचारायचा जो हक्क आहे तो नगरपंचायतीत नाही, तिथं सभागृहात फक्त नगरसेवक बोलणार. केंद्राच्या रोजगार हमीची कामं ग्रामीण भागापुरतीच असतात, ती जातात, आणि भूमिहीन घरांना याचा फटका सरळ बसतो. झेडपी आणि पंचायत समितीचं मतदान जातं. घरकुलाची योजना ग्रामीण ऐवजी शहरी होते, तिथं रक्कम जास्त, २०२५ च्या आधी ग्रामीणला १ लाख २० हजार आणि शहरीला अडीच लाख असा हिशोब होता, पण शहरी योजनेला जागेची कागदपत्रं लागतात आणि गावठाणातल्या जुन्या घरांची तीच नसतात. रेशनच्या प्राधान्य कार्डाची उत्पन्न मर्यादा ग्रामीणला वर्षाला ४४ हजार आणि शहरीला ५९ हजार, त्यामुळं तिथं थोडा फायदा. घरपट्टी वाढते, ते टळत नाही.

मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, पंधरा हजारांच्या वर गेलेल्या आणि शेती मागं पडलेल्या गावाने नगरपंचायत घ्यावी, पण ग्रामसभा गेल्याचं दुःख खरं आहे आणि ते बोलून दाखवलं पाहिजे. वॉर्डसभेसारखं काहीतरी शहरातही सक्तीचं हवं, नाहीतर माणूस मतदानापुरता उरतो.

गाव महापालिकेत गेलं की काय होतं?

पुण्याचा अनुभव बघा कारण तो सगळ्यांत मोठा आहे. १९९७ ला गावं घेतली, परत काही वगळली, २०१७ ला ११ गावं, २०२१ ला आणखी २३ गावं, वाघोली, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक वगैरे. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं आणि पुणे राज्यातली क्षेत्रफळाने सगळ्यात मोठी महापालिका झाली. मग २०१७ ला आत आलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं परत बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांचं तर अजून गुंतागुंतीचं, २००२ ला बाहेर, २०१५ ला परत आत, २०२० ला त्यातली १८ परत बाहेर काढायचा निर्णय आणि तो हायकोर्टात टिकला नाही. प्रत्येक वेळी तिथल्या माणसाने दाखला कुठं मागायचा हेच बदलत राहिलं.

टॅक्स एकदम वाढत नाही, पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचाच दर आणि पुढं टप्प्याटप्प्यानं महापालिकेच्या दरावर नेतात. सुविधा मात्र त्याच वेगानं येतील अशी खात्री नसते. माझ्या मामाचं गाव एका मोठ्या शहराच्या कडेला आहे, ते महापालिकेत गेलं त्याला बरीच वर्षं झाली, अजून टँकर चालू आहे. मामा म्हणतो पूर्वी सरपंचाच्या घरी जाऊन ओरडता यायचं, आता ऑनलाईन तक्रार टाकायची आणि नंबर जपून ठेवायचा.

सातबारा बंद होतो का?

लगेच नाही. हद्दीत गेलं तरी जोवर सिटी सर्व्हे होत नाही तोवर सातबारा चालूच राहतो, सिटी सर्व्हे झाला की मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड येतं. जमीन शेतीची आहे का बिगरशेती हे वेगळं प्रकरण आहे, ते शहर-गाव यावरून बदलत नाही.

शहराजवळची शेतजमीन विकली तर टॅक्स लागतो म्हणतात, खरं का?

खरं आहे. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही, पण ग्रामीण कुठवर ते आयकर कायदा अंतराने मोजतो. दहा हजार किंवा जास्त लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर ती शहरी धरतात. हद्दीबाहेर असेल तर दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या शहरापासून २ किलोमीटर, एक ते दहा लाखांपर्यंत ६ किलोमीटर, त्याच्या वर ८ किलोमीटर, आणि हे अंतर रस्त्याने नाही, सरळ रेषेत. म्हणजे तुमचं गाव ग्रामपंचायतीत असूनही जमीन शहरी ठरू शकते. व्यवहाराच्या आधी सीएला दाखवा, नंतर नाही.

बँक म्हणते आमचं सेमी-अर्बन, पगारात झेड, आणि पेपरात टियर टू. हे काय प्रकार?

रिझर्व्ह बँक शाखेचं ठिकाण फक्त लोकसंख्येवर ठरवते: दहा हजारांच्या आत ग्रामीण, दहा हजार ते एक लाख निमशहरी, एक ते दहा लाख शहरी, त्यावर महानगर. केंद्राच्या घरभाडे भत्त्यासाठी एक्स, वाय, झेड असे तीन गट, महाराष्ट्रातलं मुंबई आणि पुणे एक्स, नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर वगैरे वाय, बाकी सगळं झेड. टियरचं म्हणाल तर कंपन्या आणि पेपरवाले तो शब्द सैल वापरतात, त्यावर अवलंबून राहू नका.

शहराच्या आत गाव असू शकतं का?

असतंच. मुंबईतले कोळीवाडे आणि गावठाणं शहराच्या आधीपासूनची आहेत, गिरगावातली खोताची वाडी बघा. नवी मुंबई तर सिडकोने ९५ गावांच्या जमिनीवर वसवली, ती गावं आजही सेक्टरांच्या मधे आहेत, तिथली आगरी-कोळी माणसं पत्ता सांगताना गावाचं नाव आधी सांगतात. पिंपरी-चिंचवड म्हणजे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या चार गावांची १९७० ची नगरपालिका, १९८२ ला महापालिका झाली, पण भोसरीतल्या जुन्या माणसाला विचारा, तो स्वतःला भोसरीचाच म्हणणार.

आणि मला सगळ्यात आवडतं ते ग्रामदैवत. लाखो माणसांच्या पुण्याचं ग्रामदैवत कसबा गणपती, सोलापूरचं सिद्धेश्वर, नाशिकचं कालिका. शहर कितीही मोठं झालं तरी देवाच्या नावाआधी "ग्राम" तसंच राहिलंय, "नगरदैवत" कुणी म्हणत नाही.

गावात माणुसकी असते आणि शहरात नसते, हा खरा फरक नाही का?

मला हे अर्धंच पटतं. मयत झाली तर गावात चूल पेटत नाही, शेजारचे भाकरी आणून देतात, हे मी पाहिलंय आणि त्याची किंमत मला माहितीये. पण गावाला काळी-पांढरीबरोबर, म्हणजे शेतजमीन आणि वस्तीच्या जागेबरोबर, एक गावकूसही होतं, आणि त्या कुसाबाहेर कुणाला ठेवलं होतं हे विसरून गावाचं कौतुक करता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेडं हा राज्यघटनेचा पाया मानायला स्पष्ट नकार दिला होता, खेड्याला त्यांनी संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर म्हटलं होतं. ज्याला गावात पाणी शिवू दिलं नाही त्याला मुंबईच्या गिरणीत आणि चाळीत निदान नाव बदलून, गर्दीत मिसळून श्वास घेता आला. शहरात कुणी कुणाला ओळखत नाही हे एकाला दुःख वाटतं आणि दुसऱ्याची त्यातूनच सुटका होते. आजही भाड्यानं घर देताना आडनाव विचारलं जातंच, तेव्हा शहरं पण सुटलेली नाहीत.

गोव्यात वेगळं आहे का?

हो, बरंच. गोव्यात महापालिका एकच, पणजी. बाकी नगरपालिका आणि पंचायती. पण २०११ ला गोव्यातली ६२ टक्के लोकसंख्या शहरी मोजली गेली, महाराष्ट्राची ४५ टक्के. कारण वर सांगितलेलं सेन्सस टाऊन, ताळगाव, कळंगुट, कांदोळी ही पंचायत असलेली ठिकाणं जनगणनेत शहर. नोकरी पर्यटनाची, कारभार पंचायतीचा, आणि कचऱ्याचा प्रश्न शहराचा.

परदेशात काय पद्धत आहे?

थोडक्यात, तिथंही नावावर जाऊ नका. इंग्लंडमध्ये सिटी हा राजाने द्यायचा मान आहे, म्हणून आपले बरेच आयटीवाले राहतात ते रीडिंग एवढं मोठं असून अजून टाऊनच. अमेरिकेत राज्या-राज्याचा कायदा वेगळा, न्यू जर्सीतलं एडिसन लाखाच्या वर लोकसंख्येचं असून टाऊनशिप आहे, आणि शिकागोजवळचं शॉमबर्ग सत्तर हजारांच्या वर असून अधिकृतपणे "व्हिलेज".

आमच्या ठिकाणाचा दर्जा नक्की काय ते कुठं बघायचं?

केंद्र सरकारची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी नावाची वेबसाईट आहे, तिथं जिल्हा-तालुका निवडून गावाचा कोड आणि ते कुठल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आहे ते दिसतं. सेन्सस टाऊन आहे का हे जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत सापडतं. हद्दवाढीत गेलं असेल तर राजपत्रातली अधिसूचना, तिची तारीख महत्त्वाची, टॅक्स आणि दाखले त्या तारखेपासून बदलतात. यातलं काही मिळालं नाही तर तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि अर्जात गावाच्या नावाबरोबर बुद्रुक का खुर्द ते नक्की लिहा, आमचा पहिला अर्ज तेवढ्यावरूनच शेजारच्या गावाच्या फाईलला लागला होता.